थेंबाला पाच हजार: खुबा बदललेल्यांच्या दुखण्यावर टपलेली फसवणूक

ठाण्यातल्या कचराळी तलावाचा ट्रॅक, मासुंदा तलावाचे कट्टे, नवी मुंबईत वाशीचं सागर विहार, नेरूळचं ज्वेल उद्यान. सकाळ-संध्याकाळ काठी टेकत चालणारी माणसं इथे रोज दिसतात, आणि ती कोणाच्या नजरेत भरतात हे त्यांना कळतही नाही. एखादा नीटनेटका, घरंदाज वाटणारा माणूस शेजारी येऊन बसतो. "काकू, खुबा बदललाय का? माझ्या आईचा बदलला होता. दीड वर्ष कंबर धरलेली, जिना चढवत नव्हता. आता तीन मजले चढते." काही विकायचंय असं तो मुळीच भासवत नाही. डॉक्टरचं नाव विचारल्यावरही आढेवेढे घेतो, "ते फार कोणाला बघत नाहीत," म्हणतो, आणि मग कागदाच्या चिटोऱ्यावर एक नंबर लिहून देतो. हा माणूस टोळीतलाच असतो. मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर, बँकेत, मॉलमध्येही हीच माणसं फिरतात. ठाणे-मुंबई-पुण्यात ही फसवणूक अनेक वर्षं चालू आहे.

फोन केला की कळतं, "डॉक्टर" दोनच दिवस ठाण्यात आहेत. फी नाही, औषधाचा खर्च तेवढा द्यायचा. घरी कोण कोण असतं, मुलगा कधी येतो, हे बोलता बोलता विचारून घेतात. सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये येतात, म्हणजे नोकरी करणारं कोणी घरात नसतं.

आल्यावर गरम पाणी, स्टीलची वाटी, जुना नॅपकिन मागतात. पडदे ओढतात, मोबाईल बाजूला ठेवायला लावतात. मांडीवर, कुल्ल्यावर, कमरेवर बोटाने दाबून "इथे पू साचलाय, म्हणून दुखतंय" असं सांगतात आणि ब्लेडने बारीक चिरा देतात. त्यावर धातूची निमुळती नळी किंवा तुंबडी टेकवून तोंडाने ओढतात. वाटीत पिवळसर थेंब पडतो. मदतनीस कागदावर एक रेघ ओढतो. पुन्हा थेंब, पुन्हा रेघ. दर आधी मोघम सांगितलेला असतो, "थेंबाला पाच हजार, पण किती निघतील ते आत्ता सांगता येणार नाही." सगळा डाव या एका वाक्यात आहे. माणसाला वाटतं, चार-पाच थेंब निघतील. साठ रेघा झाल्यावर हिशेब तीन लाखांचा होतो. मध्येच थांबवायला गेलात तर "आता थांबवलं तर विष अंगात पसरेल" अशी भीती घालतात.

त्या वाटीकडे नीट बघा. पातळ द्रवाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. साठ थेंब म्हणजे तीन मिलिलिटर, चहाचा चमचाही पुरता भरत नाही. तेवढ्याला तीन लाख. आणि ते पिवळं पाणी खुब्यातून आलेलंच नसतं. चिरेतून येतं ते रक्त. पिवळेपणा येतो नळीत, कापसात किंवा बोटाला आधीच लावून ठेवलेल्या हळदीसारख्या पुडीमुळे. खुब्याचा सांधा कातडीखाली चरबी आणि जाड स्नायूंच्या थरांमागे खोल असतो. चामडीला दिलेली पाव सेंटिमीटरची चीर तिथपर्यंत पोचत नाही, आणि तोंडाने ओढून तिथलं काही बाहेर येत नाही. बदललेल्या खुब्यात खरोखरच पू झाल्याची शंका असेल तेव्हा सर्जन काय करतात? ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा सोनोग्राफीखाली, निर्जंतुक कापड लावून, जवळजवळ नऊ सेंटिमीटर लांबीची सुई सांध्यात घालतात. आलेला द्रव पेशींची मोजणी आणि कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे बघण्यासाठी, लॅबला जातो. कल्चर कधीकधी 14 दिवस ठेवावं लागतं. थेंबावर पैसे कुठेच लागत नाहीत.

पैसे उकळताना वेगळीच घाई असते. रोख मागतात, नाहीतर दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या यूपीआयवर पाठवायला लावतात. एकजण बँकेपर्यंत सोबत येतो, एफडी मोडेपर्यंत बाहेर उभा राहतो. कुठे वर एखाद्या औषधाच्या दुकानातून "भस्मं" घ्यायला लावून त्याचं बिल वेगळं करतात. दुसऱ्या दिवशी फोन बंद.

पैशाचं नुकसान मोठंच आहे, पण खुबा बदललेल्या माणसाला खरी भीती त्या चिरांची आहे. शरीरात बसवलेल्या धातू आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. चिरांमधून रक्तात शिरलेले जंतू तिथे पोचले की चिकटून स्वतःभोवती थर करतात आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. लवकर, म्हणजे पहिल्या तीन-चार आठवड्यांत लक्षात आलं तर सांधा उघडून धुऊन, सुटे भाग बदलून कधीकधी वाचवता येतो. उशीर झाला तर सगळा सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवायचा, आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी पुन्हा नवा सांधा. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. शिवाय ऑपरेशननंतर महिनाभर, आणि हृदयाचा त्रास असेल तर कायमच, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. अशा माणसाच्या चिरा वाहतच राहतात. तोंडाने ओढण्यामुळे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी लागते, एकदा लगेच आणि पुन्हा काही महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा.

लोक यात अडकतात ते भोळे असतात म्हणून, असं आम्हाला वाटत नाही. ऑपरेशननंतर सहा-आठ महिने झाले, सर्जन एक्स-रे बघून "सगळं छान आहे" म्हणतात, आणि तरी कंबर ठणकते. ते "छान" आणि तो ठणका यांच्यामधलं अंतर कोणी समजावून दिलेलं नसतं. तिथेच हा माणूस शिरतो. म्हणून कुठलं दुखणं कशाचं, हे थोडं सविस्तर सांगतो.

जांघेत दुखतं, आणि रिक्षात चढताना पाय उचलला की जास्त कळ येते: खुब्यासमोरचा स्नायू बसवलेल्या सांध्याच्या वाटीच्या कडेला घासत असण्याची शक्यता असते. कुल्ल्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही: तिथली द्रवाची छोटी पिशवी किंवा स्नायूची दोरी सुजलेली असते, आणि नेमका व्यायाम केला की बहुतेकदा ओसरते. बसून उठल्यावर पहिल्या चार पावलांना मांडीत कळ, मग कमी: मांडीच्या हाडात बसवलेला कृत्रिम सांध्याचा दांडा सैल झाला आहे का, हे जुने एक्स-रे शेजारी ठेवून बघावं लागतं. कुल्ल्यापासून गुडघ्याखाली मुंग्या, उभं राहिलं की वाढतात, ओट्यावर किंवा ट्रॉलीवर वाकून टेकलं की बरं वाटतं: हे खुब्याचं नाही, कमरेच्या मणक्यातल्या नसेचं लक्षण आहे. खुबा बदलण्याआधीही ते असू शकतं. खुब्याच्या वेदनेखाली झाकलेलं असतं, एवढंच.

नुसती कंबर धरते त्याचं कारण बहुतेकदा चालण्यात असतं. आखडलेला खुबा घेऊन माणूस वर्षानुवर्षं कंबर पुढे वाकवून चाललेला असतो. सांधा एका दिवसात बदलतो, स्नायूंची सवय बदलत नाही. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर राहिला की प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला कलंडते. त्याची ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि काठी लवकर सोडली की आणखी लांबतं. काठी धरायची ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. कित्येकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. पाय लांब झाल्यासारखा वाटतो, तोही बऱ्याचदा आखडलेल्या स्नायूंमुळे. पहिले तीन महिने टाचेखाली काही घालायची घाई करू नका, सर्जनना मोजू द्या.

"लांब झालेला पाय ओढून बसवतो" म्हणणारे हाडवैदही याच वाटेवर भेटतात. खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकवून पाय आत वळवला तर कृत्रिम सांध्याचा गोळा वाटीतून निसटू शकतो. एकदम जबर कळ, पाय आखूड आणि वळलेला दिसतो. अशा वेळी ओढाओढ न करता माणसाला आहे तसं ठेवून 108 ला फोन करायचा.

एक रिपोर्ट थेंब काढणाऱ्या टोळीच्या फार उपयोगी पडतो, तो ईएसआरचा. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. ऑपरेशननंतर ईएसआर कित्येक महिने वाढलेला राहू शकतो. ते तो आकडा दाखवून म्हणतात, "हा बघा पू." सीआरपी मात्र साधारण तीन ते सहा आठवड्यांत खाली येतो, म्हणून डॉक्टर दोन्ही एकत्र बघतात. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, ताप, जखमेतून पाणी, किंवा एकदा खाली आलेला सीआरपी पुन्हा वर, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात सर्जन गाठा. दुसरं मत हवं असेल आणि खर्चाची चिंता असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे.

"भस्मं" आणि बिननावाच्या पुड्यांबद्दल. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, म्हणून दोन दिवसांत उड्या माराव्याशा वाटतात. साखर चढते, जंतूसंसर्गाला वाट मिळते. बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका; पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

घरी येणाऱ्या कोणालाही नोंदणी क्रमांक विचारा. ॲलोपॅथीवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेदवाल्यांचीही वेगळी परिषद आहे, आणि फिजिओथेरपिस्टचीही. नोंदणी नसताना वैद्यकी करणं 1961 च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा आहे. खरा माणूस क्रमांक विचारल्यावर चिडत नाही.

आणि घडून गेलंच असेल तर वेळ घालवू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याच दिवशी सांगून सीसीटीव्हीचं फुटेज काढून घ्या, कारण जुनं फुटेज पुसलं जातं. गेटवरच्या रजिस्टरचा किंवा ॲपमधल्या नोंदीचा फोटो, चिटोरा, रेघांचा कागद, उरलेली पुडी, रक्ताचा कापूस, सगळं जपा. चिरांचे फोटो काढा, वाहत्या पाण्याने जखमा धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. नंतर सांध्यातला द्रव तपासायची वेळ आली तर त्या गोळ्यांमुळे कल्चर कोरं येऊ शकतं.

ज्येष्ठ माणसं मुलांपासून हे लपवतात, एफडी मोडल्याचं महिन्यांनी कळतं. सर्जनपासूनही लपवतात, ओशाळून. अशा ज्येष्ठांना बोलायला कोणी हवं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. सर्जनना सांगताना फक्त तीन गोष्टी पुरतात: चिरा कुठे दिल्या, कोणत्या तारखेला, आणि त्यानंतर ताप आला का.