कुकी फ्युएगो: कॅमेऱ्यासाठी हेल्मेट घेताय तर वाचा

इकडे अमेरिकेत यूएसपीएचा, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या राष्ट्रीय संघटनेचा, सल्ला आहे की विमानातून निदान 200 जंप झाल्याशिवाय कॅमेरा लावूच नका, त्यामुळे तेवढ्या झाल्या नसतील तर पैसे घालायची घाई नको. मी ऑस्ट्रेलियन कंपनी कुकीचं फ्युएगो हेल्मेट घेतलं, ओपन फेस आहे म्हणजे तोंड उघडं राहतं, वरून सपाट, कॅमेरा मस्त बसतो. पण खरी गंमत हनुवटीच्या कपात आहे, रॅचेटने (दातेरी पट्टीने) करकचून आवळता येतो आणि पॅराशूटची दोरी कॅमेऱ्यात अडकलीच तर कटअवे, म्हणजे झटक्यात सोडवायची सोय, ओढायचा, अख्खं हेल्मेट डोक्यावरून सुटतं, कॅमेरा गेला तर गेला, मान शाबूत राहिली पाहिजे ना भाऊ! घेताना दुकानातच घालून मान जोरजोरात हलवून बघा, जराही डुगडुगलं तर एक साइज खाली, कारण ताशी 190 किमीच्या वाऱ्यात तेच व्हिडिओभर थरथरतं. गॉगल वेगळा लागतो, तोंडावर गार वारा बसतो, ते चालायचंच. गोप्रो कॅमेऱ्याचा उंच स्टँड मात्र अजिबात नको, दोरी अडकते, बुटका माउंट (कॅमेरा बसवायची बैठक) घ्या आणि फटी टेपने बुजवा. नुसते हौसेचे व्हिडिओ काढायचे असतील तर एवढा खर्च कशाला, फुल फेसवर (तोंड झाकणाऱ्या हेल्मेटवर) कटअवेवाला छोटा माउंट लावा, बास.