सेंट पॉल्सच्या पलीकडची चर्चं (जायचं तर सोमवार ते शुक्रवारच)

लंडनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना सेंट पॉल्स हे मोठं कॅथीड्रल दाखवतातच. तिकीट सणसणीत आहे, पण बघा. बघून झालं की पोरांना म्हणावं, आता जरा बँक स्टेशनच्या दिशेने चालू. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीनंतर याच भागात, सेंट पॉल्स बांधणाऱ्या वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनच्या देखरेखीखाली ५१ चर्चं नव्याने उभी राहिली. आज उरलेल्यांपैकी बहुतेकांना तिकीट नाही आणि मला तरी तीच जास्त भावली.

वाटेत सेंट मेरी अल्डरमेरी लागतं. आत चक्क कॅफे! वर पंख्यासारखं उलगडत गेलेलं गिलाव्याचं नक्षीदार छत आणि खाली लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी. आमच्या ह्यांना 'देवाच्या दारात कॉफी' काही पटेना, पण केक आल्यावर तक्रार थांबली.

खरं बघायचं ते सेंट स्टीफन वॉलब्रुक. पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश चढावं. सेंट पॉल्सच्या आधी रेनने घुमट बांधला तो इथे. घुमटाच्या बरोबर खाली शिल्पकार हेन्री मूरची गोल दगडी वेदी आहे. लोकांनी तिला चीजच्या चकतीचं नाव ठेवलं आणि ही वेदी चर्चमध्ये चालेल का, हा वाद धर्मकोर्टात गेला. १९८७ मध्ये वेदी जिंकली. मला ती आवडली. चारी बाजूंनी बसता येतं.

पण मी रेंगाळले ती काचेच्या पेटीतल्या काळ्या टेलिफोनपाशी. माझी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक बोर्डावर. अर्जंट आणि लायटनिंग कॉल लावून देण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे 'एमएएन ९०००' हा नंबर वाचल्याबरोबर कळलं की पहिली तीन अक्षरं एक्स्चेंजची, मॅन्शन हाउसची. इथले पाद्री चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये या नंबरवर जीव नकोसा झालेल्यांचं ऐकून घ्यायला सुरुवात केली. समॅरिटन्स ही संस्था तिथूनच निघाली. पाळी आली तो रोगच समजून एका कोवळ्या मुलीने जीव दिला होता आणि तरुणपणी तिचा अंत्यविधी व्हारांना करावा लागला होता. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. बोर्डावर आम्हाला दुसऱ्याचं बोलणं ऐकायची मनाई. इथे ऐकणं हेच काम. मुलगी 'आई, चल ना' करत होती, मी हलले नाही.

मॉन्युमेंट स्टेशनजवळ सेंट डन्स्टन इन द ईस्ट आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छत गेलं, रेनचा मनोरा तेवढा राहिला. बिनकाचेच्या कमानदार खिडक्यांतून आता वेली चढल्यात आणि आत बाग आहे. दुपारी एकला ऑफिसची माणसं डबे घेऊन येतात, मग बाकडं मिळणं मुश्कील. साडेअकराला जा. बागेत स्वच्छतागृह नाही, ते आधी उरकून घ्या. फोटोवाल्या नवरानवरींचा त्रास आहे, पण थोडा.

बाकी, रविवारी फोर्टात असतो तसा शनिवार-रविवार इथे शुकशुकाट. चर्च असूनही बरीचशी रविवारी बंदच! उघडी असतात तीही कितीतरी स्वयंसेवकांच्या भरवशावर, तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घ्या. जावईबापू सुट्टीच्या दिवशी न्यायला निघाले तर फक्त बाग पदरात पडेल.