शुक्राणूंचा आकार तपासणारं सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये वीर्यतपासणीची संगणकीय प्रणाली येऊन आता बरेच महिने झालेत. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ती बरी मोजते, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. हे लिहिणं फक्त मॉर्फॉलॉजीबद्दल, म्हणजे आकाराबद्दल.

हाताने हे काम किती किचकट असतं ते करणाऱ्यालाच माहीत. ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली) किमान 200 शुक्राणू, आणि तेही दोनदा, एकेक करून बघायचे. डोकं गुळगुळीत लंबगोल हवं, रंगवलेल्या स्लाइडवर साधारण 4 मायक्रॉन लांब आणि 3 ला जरा कमी रुंद. अ‍ॅक्रोसोमने, म्हणजे डोक्याच्या टोकावरच्या टोपीसारख्या भागाने, डोक्याचा 40 ते 70 टक्के भाग व्यापलेला हवा. शेपूट कुठे तीव्र कोनात मोडलेली नको. क्रुगरच्या कडक निकषांत, म्हणजे आकार ठरवायच्या या नियमांत, शंका आली की तो शुक्राणू नॉर्मलमधून बाद. बारा महिन्यांच्या आत गर्भधारणा झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांवरून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये ठरवलेली नॉर्मल शुक्राणूंची खालची मर्यादासुद्धा फक्त 4 टक्के आहे. इतक्या अरुंद जागेत दोन टेक्निशियनचं एकमत होणं अवघडच. एकाच माणसाचं सकाळचं आणि दुपारचं उत्तरही जुळेलच असं नाही.

इथे सॉफ्टवेअर जिंकतं. तोच फोटो कितीही वेळा द्या, उत्तर तेच. पण स्टेनची, म्हणजे स्लाइड रंगवायच्या रंगाची, नवी बाटली उघडली आणि आकडे सरकू लागले. रंग गडद बसला की डोक्याची कड बाहेर धरली जाते, फिका बसला की अ‍ॅक्रोसोमची सीमाच सापडत नाही. डोळा ही तफावत गुपचूप सांभाळून घेतो, सॉफ्टवेअर घेत नाही. त्यामुळे स्मिअरची (स्लाइडवर पसरलेल्या थराची) जाडी, वाळवणं, स्टेनमधली वेळ, दिव्याचा प्रकाश, सगळं घड्याळ लावून करावं लागलं. खरं सांगायचं तर या खरेदीचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला: आमच्या स्लाइड्स सुधारल्या. हाताने बघतानाही आता वाद कमी होतात.

चुका ठरलेल्या जागी होतात. एकमेकांवर पडलेली दोन डोकी मिळून एक मोठं डोकं होतं. स्टेनचा कण कधी शुक्राणू ठरतो. आमच्या आवृत्तीचं सगळं लक्ष डोक्यावर आहे. डोकं देखणं आणि शेपूट गुंडाळलेली असा शुक्राणू बिनदिक्कत नॉर्मलमध्ये जातो. मग गॅलरी उघडून एकेक चित्र तपासायचं. वेळ वाचेल या आशेने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमचा वाचला नाही.

सगळ्यात खटकलं ते वेगळंच. एका नमुन्यात बहुतेक डोकी गोल होती, अ‍ॅक्रोसोम नाहीच. डोळ्याला ते पहिल्याच नजरेत कळतं, आणि ग्लोबोझोस्पर्मियाचा असा शेरा पुढच्या उपचाराची दिशा बदलू शकतो. सॉफ्टवेअरने लिहिलं: नॉर्मल 0 टक्के. दुसऱ्या कुठल्याही सरमिसळ दोषांच्या नमुन्यालाही ते हेच लिहितं. आकडा बरोबर, पण डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्यात नाही.

रिपोर्टमधल्या दशांशाचंही तसंच. 3.7 आणि 4.2 पाहून एक रुग्ण खचतो, दुसरा खूश होतो. 200 पैकी 8 नॉर्मल सापडले तर निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने खरं प्रमाण ढोबळमानाने 2 ते 8 टक्क्यांत कुठेही असू शकतं. मोजणारं यंत्र आहे की माणूस, याने यात काही फरक पडत नाही. जास्त शुक्राणू मोजले तर पडतो, आणि त्या बाबतीत मात्र यंत्र थकत नाही.

नव्या मुलांना शिकवताना हे सॉफ्टवेअर फार कामी येतं. ‘हे डोकं रुंद आहे की नाही’ हा वाद पडद्यावरच्या मापाने लगेच मिटतो. अ‍ॅक्रोसोमचा वाद मिटत नाही, पण निदान दोघं एकाच चित्राकडे बोट दाखवून भांडतात.

सध्या आमची पद्धत अशी: मापं सॉफ्टवेअरची, बाद करायचं काम माणसाचं, आणि दोषाचा प्रकार शब्दांत लिहायचाच. दर आठवड्याला काही जुन्या स्लाइड्स नाव झाकून सॉफ्टवेअर आणि माणूस अशा दोघांकडे परत जातात. रोजचे नमुने थोडे असतील आणि स्टेन करणारा माणूस सतत बदलत असेल, तर तूर्तास हा खर्च करू नका. त्या पैशात चांगली लेन्स घ्या आणि बाहेरच्या गुणवत्ता-तपासणी योजनेत नाव नोंदवा. कंपनीकडे आमची एकच मागणी पडून आहे: रिपोर्टमधला दशांश बंद करायची सोय द्या. तोवर पूर्णांक आम्ही हाताने टाइप करतोय.