गॅमा प्लांट की ई-बीम? लायसन्सच्या फायलीच्या बाजूने पाहिलं तर

विकिरण प्रकल्प (अन्न, मसाले किंवा दवाखान्याचं साहित्य टिकवायला वा निर्जंतुक करायला त्यावर किरण मारणारा) टाकायचं नक्की झालंय, जागाही नजरेत आहे, फक्त कोबाल्टचा गॅमा प्लांट घ्यायचा की इलेक्ट्रॉन बीमचं मशीन हे ठरत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. क्षमता, डोस (मालाला किती किरण मिळतात ते), किंमत यांचे तक्ते विक्रेते देतातच. त्या तक्त्यांत अणुऊर्जा नियामक मंडळाची फाइल नसते. ही फाइल पहिल्या अर्जाच्या दिवशी उघडते आणि प्लांट मोडीत निघेपर्यंत बंद होत नाही. दोन्ही प्रकारांत तिचं ओझं वेगवेगळ्या ठिकाणी जाणवतं. मी आधी गॅमा प्लांटवर ही कागदपत्रं सांभाळली. पुढे आमच्या दुसऱ्या युनिटसाठी निवड करायची वेळ आली तेव्हा ई-बीमच्या बाजूने मत दिलं. तुमचा माल वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातीचा रस्ता दोघांचा जवळपास एकच आहे. जागेची मान्यता, ले-आउट आणि बांधकामाची मान्यता, मग कमिशनिंग आणि शेवटी ऑपरेशनचं लायसन्स. अर्ज मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर करायचे. आमचं सगळं काम 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांखाली झालं. त्यांत लायसन्सची मुदत साधारणपणे पाच वर्षं धरलेली आहे. मंडळाने मान्य केलेला आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी), प्रशिक्षित ऑपरेटर, प्रत्येकाच्या छातीवर अंगावर पडलेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज, किरण मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचं वेळच्या वेळी कॅलिब्रेशन, यातलं काहीही कुणालाच चुकत नाही. अन्नपदार्थ घेणार असाल तर 2012 चे अन्न विकिरणाचे वेगळे नियम, गुणवत्ता नियंत्रण अधिकारी, एफएसएसएआयचं लायसन्स आणि माल विकिरित असल्याचं सांगणारं पाकिटावरचं रॅडुरा चिन्ह हेही दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे ‘ई-बीम घेतलं की मंडळाकडे जावंच लागत नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते धरून चालू नका. मशीन मागवण्याआधी मंडळाकडे जावं लागतंच.

फरक दिसायला लागतो तो जागेच्या अहवालापासून. गॅमा प्लांटमध्ये सोर्स, म्हणजे किरण देणारं कोबाल्ट, ठेवायला साधारण सहा मीटर खोल पाण्याचा पूल लागतो. त्यामुळे भूजल किती खाली आहे, मुरूम कुठवर आणि खडक कुठून, पुराचं पाणी कधी आलं होतं का, भूकंपाच्या नकाशावर गाव कुठे येतं, हे सगळं तपशिलात द्यावं लागतं. पूल बांधून झाला की तो गळत नाही हे सिद्ध करायचं. ई-बीमच्या जागेलाही अहवाल लागतो, पण पूलच नसल्याने हा भाग बराच हलका होतो. तिथे सगळा जोर काँक्रीटच्या भिंतींच्या हिशोबावर, छतातून वर निघून हवेत विखुरणाऱ्या किरणांवर आणि ओझोन बाहेर काढणाऱ्या ब्लोअरवर असतो.

मग येतो सोर्स. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणजे वर्षाला साधारण 12 टक्के ताकद कमी होते, प्लांट चालवा किंवा बंद ठेवा. ती भरून काढायला ठरावीक काळाने कोबाल्टच्या नव्या पेन्सिली (धातूच्या बंद नळ्या) घालाव्या लागतात. किमतीची चर्चा सगळेच करतात, पण या टॉप-अपच्या कागदांविषयी फारसं कुणी बोलत नाही. सोर्स घेण्याची परवानगी, तो ज्या जाड शिशाच्या फ्लास्कमधून येतो त्याच्या वाहतुकीची मंजुरी, रस्त्यातल्या आपत्कालीन योजनेची प्रत, पोलिसांना कळवणं. माल आला की लोडिंगची पद्धत, रॅकमध्ये कुठली पेन्सिल कुठल्या खाचेत गेली त्याचा नकाशा, लोडिंगनंतर भिंतींच्या बाहेरून पूर्ण सर्व्हे. त्यानंतर डोस मॅपिंग (पेटीत जागोजागी डोस मोजणं) पहिल्यापासून, कारण रॅक बदलला की मालाच्या पेटीत कुठे जास्त आणि कुठे कमी डोस बसतो हेही बदलतं. हे सगळं होईपर्यंत प्लांट थांबलेला असतो. कोबाल्ट अणुभट्टीत तयार होतं, आपल्याकडे ते अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेकडून येतं, आणि भट्टीचं वेळापत्रक आपल्या हंगामाकडे बघून ठरत नाही. आंब्याच्या तोंडावर टॉप-अप यायचा योग आला तर काय होतं, ते त्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

सुरक्षेची वेगळी फाइल हाही गॅमाचाच भाग. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वर्गवारीत या प्लांटमधले सोर्स पहिल्या श्रेणीत बसतात. याहून धोकादायक श्रेणी नाही. म्हणून पहारा, कॅमेरे, आत जाण्याचे अधिकार कुणाकुणाला, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, स्थानिक पोलीस ठाण्याशी संपर्क, हे सगळं एका गोपनीय आराखड्यात लिहून द्यायचं आणि ताजं ठेवायचं. ही मागणी मला कधीच जाचक वाटली नाही. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात विकल्या गेलेल्या जुन्या गॅमा यंत्रातलं कोबाल्ट उघडलं गेलं आणि एक माणूस जिवाला मुकला. ते यंत्र कितीतरी वर्षं वापराविना पडून होतं आणि ते नेमकं काय आहे याची जाण कुणी ठेवली नव्हती. म्हणूनच गॅमा प्लांटला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसाचा कागद लागतो: वापर संपलेला सोर्स परत घेण्याची पुरवठादाराची लेखी हमी. ती मिळाल्याशिवाय पुढचा एकही व्यवहार करू नका.

हे सगळं पुष्कळ असलं तरी निभावतं. माझं मत ज्याने फिरवलं ती गोष्ट याहून बारीक आहे. ती म्हणजे पुलाचं रजिस्टर.

कोबाल्टच्या पेन्सिली स्टेनलेस स्टीलच्या वेष्टणात असतात. पाण्यात क्लोराइड वाढलं तर ते स्टील हळूहळू पोखरलं जातं, आणि वेष्टण फुटलं तर सगळा पूल दूषित होतो. म्हणून पाणी डीएम (क्षार काढणाऱ्या) प्लांटमधून सतत फिरवायचं, त्याची कंडक्टिव्हिटी मोजायची, पीएच बघायचा, पातळी किती उतरली ते लिहायचं. ज्या रेझिन कॉलममधून पाणी जातं त्याच्याजवळ सर्व्हे मीटर धरून आकडा घ्यायचा. कुठे गळती सुरू झालीच तर ती आधी तिथेच दिसते. वेळ, आकडा, सही. पुढच्या रकान्यात आरएसओची सही. काम पाच मिनिटांचं आहे. पण त्याला सुट्टी नाही. कांद्याचा हंगाम संपला, आंबा संपला, पावसाळ्यात कन्व्हेयरवर एकही पेटी नाही, तरी ते पान भरायचंच. दिवाळीतही कुणीतरी येऊन पाण्याची पातळी बघायची. वीज गेली की डीझेल सेट चालू झाला का, हे आधी पाण्याच्या पंपासाठी आणि पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठी बघायचं. प्लांट कमाई करत नसतानाही आरएसओ, पहारेकरी, टीएलडीचे बॅज, सोर्सची यादी आणि मंडळाला जाणारे अहवाल थांबत नाहीत, कारण खाली पाण्यात सोर्स जागाच असतो.

नेमक्या अशा रिकाम्या काळात आरएसओने राजीनामा दिला की काय होतं, हे मी जवळून पाहिलंय. आरएसओची मान्यता त्या माणसाला त्या संस्थेपुरती मिळते. नवा माणूस आणा, त्याचं प्रमाणपत्र बघा, अर्ज करा, मान्यतेची वाट बघा. ई-बीममध्येही ही अडचण येतेच. पण तिथे मशीनला कुलूप लावून थांबता येतं. गॅमात थांबता येतं ते फक्त मालापुरतं.

आमच्या दुसऱ्या युनिटचा माल होता मसाल्याची पूड आणि दवाखान्यातलं डिस्पोजेबल साहित्य. मसाल्याच्या निर्यातीच्या ऑर्डरी एकदम येतात आणि मध्येच आटतात. अशा धंद्यात बारा महिने जागं राहणारं रजिस्टर मला नको होतं. ई-बीम बंद केलं की खोलीत किरण नाहीत. टॉप-अप नाही, सोर्सच्या वाहतुकीचा अर्ज नाही, पूल नाही आणि शेवटी सोर्स परत पाठवायची चिंताही नाही. मशीन मोडीत काढतानाही मंडळाला कळवावं लागतं, पण ती फाइल पातळ असते.

मात्र ‘बंद केलं की सुरक्षित’ हे वाक्य अर्जात जसंच्या तसं लिहून भागत नाही. 1991 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका औद्योगिक अ‍ॅक्सिलरेटरचा (ई-बीमच्या मशीनचा) इलेक्ट्रॉन सोडणारा फिलामेंट बंद होता, पण उच्च विद्युतदाब चालूच राहिला होता. तेवढ्यातूनही निसटलेल्या इलेक्ट्रॉनांनी कामगाराचे हात भाजले आणि त्याची बोटं कापावी लागली. पुढच्याच वर्षी हनोईत एका संशोधकाचा हात चालू बीममध्ये गेला. गॅमाकडे बघायचं तर 1989 मध्ये सान साल्वादोरच्या प्लांटमध्ये अडकलेला रॅक हाताने सोडवायला तिघे आत गेले आणि त्यांतला एक दगावला. म्हणून ई-बीमच्या फायलीत देखभालीच्या वेळी वीज कुठे तोडायची, किल्ली कुणाकडे राहील, इंटरलॉक (दार उघडलं की बीम बंद पाडणारी यंत्रणा) कोण तपासणार, हे पान मी सगळ्यांत जास्त वेळ देऊन लिहिलं. मंडळाकडून आलेले प्रश्नही त्याच पानावर जास्त होते, आणि ते योग्यच होते.

आता ई-बीमची खरी अडचण. ती लायसन्सच्या फायलीत येत नाही, गुणवत्तेच्या फायलीत येते. 10 एमईव्हीचा (एमईव्ही हे बीमच्या ऊर्जेचं एकक) बीम पाण्यासारख्या घनतेच्या मालात एका बाजूने जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंतच उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंनी मारला तर आठेक सेंटिमीटर. कांद्याची भरलेली गोणी त्याखाली घालण्यात अर्थ नाही. गॅमात डोस ठरतो तो मुख्यतः माल किती वेळ आत राहिला त्यावर. ई-बीममध्ये ऊर्जा, करंट, स्कॅनची रुंदी आणि कन्व्हेयरचा वेग, चारही गोष्टी प्रत्येक लॉटच्या नोंदीत हव्यात. पाकिटाची जाडी बदलली की नवं डोस मॅपिंग. शंभर ग्रॅमच्या पाकिटाचा अहवाल अर्ध्या किलोच्या पाकिटाला चालत नाही. ग्राहकांची पाकिटं सारखी बदलत असतील तर हे कागद गॅमापेक्षा जास्त होतात, हे मी लपवणार नाही. बीमचे एक्स-रे करून खोल जाता येतं, पण कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनी) अन्नासाठी एक्स-रेला 5 एमईव्हीची मर्यादा घातली आहे, आणि तेवढ्या ऊर्जेला बीमच्या ताकदीचा दहावा हिस्साही एक्स-रेत उतरत नाही.

म्हणून कांदा, बटाटा किंवा पेटीबंद आंबा हाच मुख्य माल असेल तर मी गॅमाला नाही म्हणणार नाही. लासलगावचं कृषक केंद्र 2002 पासून त्याच कामासाठी उभं आहे, आणि 2007 मध्ये अमेरिकेची दारं उघडली तेव्हा आपला आंबा तिथल्याच गॅमा प्लांटमधून किमान 400 ग्रेचा (ग्रे हे डोसचं एकक) डोस घेऊन गेला. पेटी न उघडता आतल्या शेवटच्या फळापर्यंत पोचणं हे कोबाल्टचंच काम. शिवाय वर्षभर तीन पाळ्यांत माल मिळणार असेल तर पुलाचं रजिस्टर डोईजड होत नाही. माणसं तिथे असतातच. पण मालाची पाकिटं पातळ असतील, ऑर्डरी अनियमित असतील आणि कागद सांभाळायला दोनच माणसं असतील, तर मला ई-बीमकडे झुकावंसं वाटतं. हंगामापुरतंच काम असेल तर आधी एखाद-दोन वर्षं दुसऱ्याच्या प्लांटवर जॉबवर्क करून बघा. माल पाठवणाऱ्याला त्यासाठी मंडळाचं लायसन्स लागत नाही.

ई-बीमकडे वळलातच तर एक काम आधी करा. विक्रेत्याकडून भिंतींच्या जाडीचा हिशोब आणि मेझचा (किरण थेट बाहेर येऊ नयेत म्हणून वळणं दिलेल्या वाटेचा) नकाशा सही करून हातात घ्या, होणाऱ्या आरएसओला तो दाखवा आणि मंडळाची ले-आउट मान्यता येईपर्यंत काँक्रीटची गाडी बोलावू नका. भिंत ओतल्यावर केबलसाठी वेगळ्या कोनातून पाइप घालायचा म्हटला तरी हिशोब पुन्हा मांडावा लागतो. आणि होणाऱ्या आरएसओला जागा घेण्याआधीच नोकरीवर घ्या. पहिल्या अर्जावर येणाऱ्या शंकांना उत्तर देणारा माणूस तोच असतो.