रेषा नसलेले ४१ चौकोन : टेबलांची आकृती काढणारी तीन साधने

नांदेडच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर सोयाबीनची आवक सुरू होण्याच्या तोंडावर माझ्याकडे आले, तेव्हा ते आधी सांभाळणारा माणूस काम सोडून गेलेला होता आणि ४१ टेबलांच्या मायएसक्यूएल डेटाबेसखेरीज लिहिलेला एक कागदही मागे नव्हता. शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबाची पट्टी कोणकोणत्या टेबलांमधून तयार होते, एवढे जरी आकृतीत दिसले तरी पुरे, अशी माझी अपेक्षा होती.

पहिल्यांदा मायएसक्यूएल वर्कबेंच हे डेटाबेस हाताळण्याचे साधन उघडले. त्याच्या 'डेटाबेस' मेनूतील 'रिव्हर्स इंजिनिअर' ही सोय चालू डेटाबेसवरूनच आकृती काढून देते आणि एकाचे अनेकांशी असलेले नाते रेषेच्या टोकाला कावळ्याच्या पंजासारख्या खुणेने दाखवते. माझ्या पडद्यावर मात्र ४१ चौकोन उमटले आणि रेषा एकही नाही. दोष वर्कबेंचचा नव्हे. आकृतीतील रेषा फॉरेन कीवरून, म्हणजे एका टेबलातील स्तंभ दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या नियमावरून काढल्या जातात. ही टेबले मायआयसॅम या साठवणुकीच्या इंजिनवरची होती आणि ते इंजिन फॉरेन कीची सूचना वाचते, पण पाळत नाही आणि साठवतही नाही. मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून फॉरेन की पाळणारे इनोडीबी हे नव्या टेबलांसाठी आपोआप निवडले जाणारे इंजिन झाले असले, तरी जुनी टेबले आपोआप बदलत नाहीत.

डीबीव्हर या दुसऱ्या साधनाच्या मोफत आवृत्तीनेही तेच चौकोन दाखवले. त्यात आभासी फॉरेन की जोडता येते आणि ती आपल्याच संगणकावर राहते, हा फायदा मोठा आहे. ऐन हंगामात दुकानाच्या चालू डेटाबेसला हात लावण्याची माझी तरी छाती नव्हती. पण त्यासाठी नाते आधी ठाऊक असावे लागते.

खरा उपयोग झाला तो स्कीमास्पाय या तिसऱ्या साधनाचा. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. जावा आणि त्याला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर जुळवून कमांड लिहावी लागते, आणि त्यात माझा अर्धा दिवस गेला. मात्र स्तंभांची नावे व प्रकार इतर टेबलांच्या प्रायमरी कीशी (प्रत्येक नोंद ओळखणाऱ्या स्तंभाशी) ताडून ते संभाव्य नाती शोधते आणि तुटक रेषेने दाखवते, म्हणजे हा आपला अंदाज आहे हेही लपवत नाही. 'शेतकरी_क्र' या एका नावावरून शेतकरी, आवक, तोलाई आणि पट्टी ही टेबले लगेच एकत्र आली. आकृत्या एचटीएमएल पानांच्या स्वरूपात मिळत असल्याने इंटरनेट नसतानाही उघडतात.

उचलीचे टेबल तेवढे एकटेच राहिले. एका जुन्या पट्टीत हमाली आणि तोलाईच्या खाली वजा झालेली उचलीची रक्कम त्या टेबलात शोधली, तेव्हा तिथे शेतकऱ्याचाच क्रमांक 'खाते_क्र' या नावाने ठेवलेला सापडला. नावच वेगळे, तेव्हा स्कीमास्पाय तरी काय करणार? ती रेषा मी डीबीव्हरमध्ये जोडली, आणि मुनीमजींच्या टेबलावरच्या छापील आकृतीत पेनाने ओढली.