माती आंबट असल्याचं सांगून ग्रामसभेला चुन्याची पोती विकली

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या भोवतालच्या गावांनी, त्यातही सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी हे वाचावं. चितळ-रोह्यांच्या (रोही म्हणजे नीलगाय) चाऱ्यासाठी माती सुधारून देतो असं सांगणारा एक सल्लागार केळापूर-घाटंजी भागात फिरतो आहे. आमच्या ग्रामसभेचे तेंदूपत्त्याचे पैसे तो घेऊन गेला.

आमच्याकडं जंगलालगत एक पडीक पट्टा आहे. वरची माती वाहून गेलेली, पावसाळ्यात नुसतं तरोट्याचं (टाकळ्याचं) तण माजतं. तिथं मारवेल, पवन्यासारखं चाऱ्याचं गवत उभं राहिलं तर रोही तुरीत अन् हरभऱ्यात जरा कमी उतरतील, एवढीच अपेक्षा होती. पैसा थोडका, त्यामुळं स्वस्तात करून देणारा माणूस सगळ्यांना हवाच होता.

त्यानं आधी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं शेत, हरणं चरताहेत, ट्रॅक्टर चुना फेकतो आहे. तिकडं बऱ्याच भागात जमीन आम्लधर्मी असते, म्हणून हरणांचा चारा पेरण्याआधी चुना टाकतात. हे खरं आहे, आणि त्याच्या आडूनच त्यानं खोटं खपवलं.

चावडीवर त्यानं काचेच्या ग्लासात आमच्या पट्ट्यातली माती घेतली आणि स्वतःच्या बाटलीतलं ‘शुद्ध पाणी’ ओतलं. ग्लासात बारीक बुडबुडे उठले, फसफस आवाज आला, कडेला फेस चढला. “पाहा, मातीतलं आम्ल कसं उफाळून येतंय,” तो म्हणाला. मग निळा कागद बुडवला, तो लाल झाला. माती आंबट आहे, चुना टाकल्याशिवाय इथं काही उगवणार नाही, असं त्यानं सांगितलं. आमच्या एक म्हाताऱ्या काकू तेवढ्यात बोलल्या, “अरे बापा, इथं वखर चालवला का चुन्याचे गोटे निघते, अन् हा अजून चुना कायले टाकाले सांगते?” त्यांना त्यानं हसून गप्प केलं.

काकूंचंच बरोबर होतं. चुनखडीवर आम्ल पडलं की कर्बवायू सुटतो आणि फेस येतो. म्हणजे आम्ल होतं ते त्याच्या बाटलीत, आणि मातीत चुना मुबलक आहे हेच तो फेस सांगत होता. कागदही बाटलीतल्या आम्लानंच लाल झाला. पुढं त्याच मातीवर आम्ही लिंबू पिळून पाहिलं, तसाच फेस आला. आपल्या जिल्ह्यात काळ्या जमिनीचा सामू (pH, सातच्या खाली आंबट, वर विम्ल) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वरच असतो. मुकुटबनकडं तर चुनखडीच्या खाणी आहेत. अशा जमिनीत आणखी चुना गेला की स्फुरद, लोह, जस्त अडकून बसतं. त्याचा चुना टाकल्यावर आमचं गवत उगवलं ते पिवळं, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या.

चुन्यासोबत ‘ह्युमिक’ म्हणून काळे दाणेही दिले होते. ते पाण्यात टाकले तर काळा रंग सुटला आणि तळाला पिवळट माती बसली. पोत्यावर बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. आणि पावती? तिच्यावर खताचा उल्लेखच नाही, फक्त ‘सल्ला व सेवा शुल्क’. खत विकण्यासाठी 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. उद्या तक्रार झाली तर ‘मी खत विकलंच नाही’ म्हणायला मोकळं राहता यावं, म्हणून ही पावती. गरीब गावाच्या सामाईक पैशावर इतकं आखून डल्ला मारणाऱ्या माणसाची मला मनापासून चीड येते.

मातीची खरी तपासणी स्वस्तात होते. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून 12 गोष्टी कळतात. नमुना पाच-सहा ठिकाणांहून घ्यायचा, वरचा काडीकचरा बाजूला सारून, वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करून. सगळी माती मिसळायची आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. आमच्या अहवालात सामू आठच्या वर निघाला आणि सेंद्रिय कर्ब कमी. म्हणजे पट्ट्याला भूक होती ती काडीकचऱ्याची आणि शेणाची. आता उताराला आडवे दगडी बांध घातले आहेत, ताग पेरून फुलावर येताच गाडतो आहोत, आणि तरोटा शेंगा धरायच्या आत उपटून तिथंच पसरतो आहोत. शेणखत मात्र पुरतं कुजलेलंच घालतो, कच्च्यातून तणाचं बी येतं.

तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी दिली आहे, सोबत शिल्लक पोती आणि पावतीची प्रत. तुमच्या गावात असा कोणी ग्लास-बाटली घेऊन बसला तर त्याला आधी तुमच्या विहिरीचं पाणी द्या आणि त्यातच तपासणी करून दाखवायला सांगा. त्याची बाटलीही सगळ्यांसमोर एका चुनखडीच्या खड्यावर ओतून पाहा. फेस आला तर त्याची गाडी गावाबाहेर जाण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) फोन लावा.