हेरकथेचं पिच आणि पस्तीस हजारांची ‘एनओसी’

हेरगिरीच्या मालिकेचा लेखक फसतो तेव्हा सुरुवात बहुधा एका वाक्याने होते. “विषय सेन्सिटिव्ह आहे सर, सध्या कुणाशी बोलू नका.” सासू-सुनेच्या मालिकेबद्दल कुणी असं म्हणालं तर लेखक हसेल. हेरकथेत मात्र ते शोभून दिसतं. हँडलर, म्हणजे हेराला चालवणारा अधिकारी, एजंटला घरच्यांपासून, मित्रांपासून कसा तोडतो हे ज्याने दुसऱ्या भागात रंगवून लिहिलंय, तोच माणूस फोन ठेवल्यावर बायकोलाही काही सांगत नाही. मग पुढचे तीन-चार महिने त्याला अडवणारं कुणीच नसतं.

क्रम नीट कळावा म्हणून एक कल्पना धरून चालू. काळ 1955 ते 1961, जागा गोवा. एकीकडे पोर्तुगीजांची ‘पीदे’ ही गुप्त पोलीस यंत्रणा, दुसरीकडे सीमेपलीकडच्या घाटातल्या जंगलातून चालणारं भूमिगत रेडिओ केंद्र. मधे मडगावच्या तार कार्यालयातला एक कारकून, जो दोन्हीकडे बातम्या पुरवतो. आठ भाग, प्रत्येकी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. लेखकाने याच्या चार ओळी कुठल्या तरी स्पर्धेत किंवा ग्रुपवर टाकल्या, आणि आठवड्याभरात ‘डेव्हलपमेंट हेड’ म्हणवणाऱ्याचा फोन आला.

भेट ओशिवऱ्याच्या किंवा वर्सोव्याच्या कॉफी शॉपमध्ये ठरते. यात संशय घेण्यासारखं काही नाही, अर्धी इंडस्ट्री तिथेच बसून नॅरेशन, म्हणजे लेखकाने तोंडी सांगितलेली गोष्ट, ऐकते. बघायचं ते भेटीआधी आलेल्या मेलमध्ये. पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे की जीमेलचा, की मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर वाढवून केलेला? कार्डावरच्या कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकलं तर स्थापनेची तारीख दिसते, कंपनी चालू आहे की नाही हेही दिसतं. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या साइटवर टाकून कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. दहा मिनिटांचं काम. नाव खऱ्या मोठ्या कंपनीचं सांगितलं असेल तर तिच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारायचं की या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का. त्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

दुसऱ्या महिन्यात “चॅनेलला कन्सेप्ट आवडला” असा निरोप येतो आणि पाठोपाठ बिल. त्यातल्या ओळी साधारण अशा असतात: पिच डेक डिझाइन 18,000, टायटल रजिस्ट्रेशन 11,800, डिफेन्स एनओसी प्रोसेसिंग 35,000. एकूण 64,800 रुपये, “साइनिंगमधून ॲडजस्ट होतील.” टायटलच्या रकमेत अठरा टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणून आकडा गोल नसतो आणि म्हणूनच खरा वाटतो.

आता एकेक ओळ सोलून बघू. पिच म्हणजे निर्मात्यापुढे गोष्ट मांडणं, आणि डेक हा त्यासाठीचा दहा-पंधरा पानांचा सादरीकरणाचा कागद. तो लेखक स्वतः करतो किंवा निर्माता आपल्या खर्चाने करून घेतो. टायटलची नोंदणी इम्पासारख्या निर्मात्यांच्या संघटनांकडे होते आणि तिथे सभासद निर्माता अर्ज करतो. लेखकाने त्याचे पैसे भरण्याचा प्रश्नच नाही. शिवाय नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे 11,800 देऊन हाती काय पडलं, तर एक पीडीएफ.

एनओसीची ओळ सगळ्यात हुशार, कारण तिच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पत्र लिहून कळवलं होतं की सैन्यावरच्या चित्रपटांच्या आणि वेब सिरीजच्या निर्मात्यांनी प्रसारणाआधी मंत्रालयाचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं. ठग ही बातमी छापील दाखवतो. पण पत्र निर्मात्यांसाठी आहे, आणि प्रसारणाच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. ज्या मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भागसुद्धा लिहून झालेला नाही, तिच्यासाठी लेखकाच्या खिशातून एनओसी कसली?

यावर शंका काढलीच तर कॉन्फरन्स कॉलवर ‘रॉचे निवृत्त अधिकारी’ येतात. भारदस्त आवाज, मधेच “हे फोनवर नको” म्हणून थांबणं. त्यांची कन्सल्टिंग फी वेगळी. इथे एक नियम माहीत असावा. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कामकाजाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचं असेल तर संस्थाप्रमुखांची पूर्वपरवानगी लागते. निवृत्तिवेतनाच्या नियमांत ही तरतूद मे 2021 मध्ये अधिक कडक झाली, आणि वर 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. तेव्हा वीस हजारांत अनोळखी लेखकाला ‘आतल्या गोष्टी’ सांगणारा माणूस एक तर अधिकारी नव्हता, किंवा सांगू नये ते सांगतोय. दोन्ही बाबतींत त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. खरा सल्लागार मालिकेला लागतोच, पण त्याची नेमणूक आणि मानधन दोन्ही निर्मात्याकडून होतं.

शेवटचा घाव टीडीएसच्या नावाने पडतो. “पाच लाखांचा साइनिंग चेक तयार आहे, फक्त दहा टक्के टीडीएस आधी भरा, मग रिलीज होईल.” टीडीएस देणारा कापतो. पाच लाखांतून पन्नास हजार कापून साडेचार लाख खात्यात येतात आणि कापलेली रक्कम लेखकाच्या 26एएस या आयकर खात्याच्या विवरणात दिसते. घेणाऱ्याने आधी भरायचा टीडीएस या देशात अस्तित्वात नाही. तरी लोक भरतात, कारण तोवर 64,800 गेलेले असतात आणि ते सोडवायचे असतात.

हे झालं पैशांचं. गोष्ट जाते ती याहून शांतपणे, आणि तिथे समोरचा भामटा असेलच असं नाही. कधी तो खराखुरा, ऑफिस असलेला निर्माता असतो. तो एक रुपयाही मागत नाही, ‘नोट्स’ देतो. कारकुनाचा ट्रॅक वाढवा. पीदेच्या इन्स्पेक्टरला घरचं काही द्या. भाग तीन आणि चारचं सीनवार ब्रेकडाऊन पाठवा, चॅनेलला हुक दाखवायचाय. सहा महिन्यांत वीस पानांचं बायबल, म्हणजे मालिकेची पात्रं आणि कथानक मांडणारा दस्तऐवज, साठ पानांचं होतं, मग “चॅनेलने पास केलं”, म्हणजे नाकारलं, एवढा एक मेसेज. दीड वर्षाने ओळखीचं काहीतरी पडद्यावर दिसतं.

तेव्हा लेखक म्हणतो, माझी आयडिया चोरली. कायदा आयडियाला ओळखत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका ठाम आहे: कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना कुणाच्या मालकीच्या नाहीत, संरक्षण मिळतं ते मांडणीला. गोवा मुक्तिसंग्राम, पीदे, भूमिगत रेडिओ हे सगळं इतिहासात आहे, उद्या दुसरा कुणीही त्यावर लिहील. लेखकाचा आहे तो कारकून, त्याने तारेच्या मजकुरात शब्द गाळून निरोप पाठवण्याची युक्ती, ती युक्ती पाचव्या भागात त्याच्याच बहिणीवर उलटणं. हेरकथांमध्ये हा फरक फार जाणवतो, कारण साचे मोजकेच आहेत: शत्रूच्या मुलखात मुरलेला हेर, खात्यातला फितूर, निवृत्तीनंतर परत बोलावलेला अधिकारी. यातल्या कशावरही हक्क सांगायला गेलं तर पहिल्याच तारखेला हसं होतं.

दुसरा रस्ता गोपनीयतेच्या भंगाचा. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या 2003 च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. विश्वासाने दिलेली, पुरेशी विकसित संकल्पना घेणाऱ्याला परस्पर वापरता येत नाही म्हणून मनाई हुकूम कायम राहिला. पण त्याच न्यायालयाने 2021 मध्ये ‘झोंबिवली’ या चित्रपटाच्या वेळी दुसऱ्या एका लेखकाला मनाई हुकूम नाकारला. गोपनीय माहिती नेमकी कोणती, हे दावा करणाऱ्याने अचूक दाखवलं पाहिजे, “सगळी गोष्टच माझी” म्हणून चालत नाही. पिच करणाऱ्याने हे दोन निकाल जोडीने वाचावेत.

म्हणून बायबल पाठवण्याआधी एक वेगळं पान करायचं. त्यावर पाच-सात वाक्यांत लिहायचं की यात नवीन काय आहे, कुठल्या पात्रात, कुठल्या वळणात. मग सगळा मजकूर स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवायचा. मोठा मसुदा बदलला की पुन्हा. ही नोंद म्हणजे कॉपीराइट नव्हे, कॉपीराइट लिहिताक्षणी आपोआप मिळतो. नोंद हा तारखेचा पुरावा. कॉपीराइट ऑफिसची नोंदणी हवी असेल तर साहित्यकृतीसाठी 500 रुपये शुल्क आहे आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवायची जुनी पद्धत अजून लोक सांगतात. तिच्या भरवशावर राहू नये.

कागद टप्प्याटप्प्यानेच द्यायचे. पहिल्या मेलमध्ये लॉगलाइन, म्हणजे एका-दोन वाक्यांतली गोष्ट, आणि एक पान. नॅरेशन झालं तर त्याच रात्री मेल: आज अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तींना, अमुक आठ भागांची गोष्ट ऐकवली, ती निर्मितीच्या विचारापुरती आणि गोपनीय म्हणून दिली आहे. गोपनीयतेच्या करारावर मोठी कंपनी नव्या लेखकासाठी सहसा सही करत नाही, उलट आपलाच रिलीज फॉर्म पुढे करते. त्यात “आमच्याकडे असा विषय आधीपासून असू शकतो” असं असतं. ती फसवणूक नाही, पण त्यानंतर शेवटाची किल्ली हातात ठेवून बाकीचं दाखवावं. पायलटचा स्क्रीनप्ले आणि सीनवार ब्रेकडाऊन पैशाशिवाय द्यायचंच नाही. ‘नोट्स’ची दुसरी फेरी आली की डेव्हलपमेंट फी विचारायची. लोक बिचकतात, पण खरा निर्माता रागावत नाही, घासाघीस करतो.

आणि प्रत्येक प्रत थोडी वेगळी ठेवायची. एका निर्मात्याच्या प्रतीत कारकुनाच्या सायकलचा नंबर 317, दुसऱ्याच्या 371. कुठली प्रत कुणाला, कुठल्या तारखेला, हे वहीत. हेरखात्यांचीच ही जुनी युक्ती, ती फक्त मालिकेत का वापरायची?

करार आला तर ऑप्शन (ठरावीक मुदतीपुरती गोष्ट राखून ठेवणं) आहे की हक्कांचं थेट हस्तांतरण, हे पहिल्यांदा पाहा. ऑप्शनमध्ये बारा ते अठरा महिन्यांची मुदत आणि त्यासाठी रक्कम असते. रक्कम शून्य असेल तर गोष्ट दीड वर्ष फुकट अडकली. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो. एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते संपुष्टात येतात. हे कलम 19. म्हणूनच करारात बारीक अक्षरात “कलम 19(4) लागू होणार नाही” आणि “कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात” हे शब्द शोधायचे. पहिलं खोडायचा आग्रह धरायचा. ‘वर्क फॉर हायर’, म्हणजे मोबदला घेऊन निर्मात्यासाठी केलेलं काम, असं आलं की गोष्टीवरची मालकीच निर्मात्याची होते.

पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते, चार दिवसांनी नाही. पोलीस ठाण्यात फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. ठगाला ब्लॉक करू नये, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावं, मेलचे स्क्रीनशॉट काढून न थांबता मूळ फाइल जपावी.

गोष्ट गेली असेल तर सभासद लेखकाला स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या डिस्प्यूट सेटलमेंट कमिटीकडे जाता येतं. तिथे जाताना रागाचं पत्र नको, दोन रकान्यांचा तक्ता हवा. डावीकडे आपला पान क्रमांक आणि नोंदणीची तारीख, उजवीकडे प्रसारित भाग आणि मिनिट-सेकंद. प्रसंगांचा क्रम, पात्रांची नाती, उलटलेली युक्ती एवढंच घ्यायचं. ‘दोन्हीकडे हेर आहे’, ‘दोन्हीकडे रेडिओ आहे’ अशा ओळी स्वतःच्या हाताने खोडायच्या, त्या राहिल्या तर समोरचा वकील त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. सायकलचा नंबर जुळला असेल तर ती ओळ सगळ्यात वर.